‘बाहेर’ म्हणजे कोठे?

(ग्रामविकासाचे काम करणारे कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आश्विन अमावास्येच्या सायंकाळी महाराष्ट्रातील घराघरांत लक्ष्मीपूजन होते. चौरंगावर लक्ष्मीची प्रतिमा असते, पुढे लाह्या-बत्तासे असतात, व्यापाऱ्याच्या घरी जमाखर्चाच्या वह्या असतात आणि या साऱ्या मांडणीत एक नवी केरसुणीही असते. तिलाही हळदकुंकू वाहिले जाते. ज्या साधनाने घाण दूर होते, त्या साधनालाच लक्ष्मी मानणारी ही परंपरा आहे. त्याच रात्री, पहाट होण्यापूर्वी, अनेक घरांत सूप वाजवीत सारे घर झाडून काढतात आणि तो केर उंबरठ्यापलीकडे नेऊन टाकतात. त्याला अलक्ष्मीचे निस्सारण म्हणतात.

येथवर सारे यथासांग होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. अलक्ष्मी घराबाहेर गेली, पण हे ‘बाहेर’ म्हणजे नेमके कोठे? शेजाऱ्याच्या कुंपणाशी? गावाच्या ओढ्यात? गायरानावर? की स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला? आज आपल्या खेड्यांतील कचऱ्याचा सारा प्रश्न या एका शब्दात साठविलेला आहे. आपल्या आजी-पणजीच्या काळी ‘बाहेर’ नावाची एक जागा खरोखरच होती आणि तेथे टाकलेले पुन्हा माती होत असे. ती जागा आता उरलेली नाही. मात्र ‘बाहेर टाकण्याची’ सवय जशीच्या तशी उरली आहे.

उकिरड्याचे दिवस

‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती सहज सुचलेली नाही. उकिरडा हा गावगाड्यातला एक उपयुक्त घटक होता. गोठ्यातले शेण, गुरांनी खाऊन उरलेली वैरण, चुलीतली राख, भाजीचे देठ, अंगणातला पाचोळा हे सारे परसातल्या उकिरड्यावर जाई. वैशाख-ज्येष्ठात गाड्या भरून तेच खत शेतात पडे आणि मृगाच्या पावसाबरोबर मातीत मिसळे. ज्याच्या दारी मोठा उकिरडा त्याच्या घरी गुरेढोरे भरपूर, असाही एक हिशेब लोक मनाशी करीत.

घरातील इतर वस्तूंचेही तसेच होते. जुनी लुगडी आणि धोतरे फाटली की त्यांची वाकळ होई. वाकळ विरली की तिच्या चिंध्या होत. बरी वस्त्रे बोहारीण घेऊन जाई आणि बदल्यात भांडे देई. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला होता, चेपले तर तांबट होता. खरकटे गुरांच्या आंबोणात मिसळे. पंक्तीच्या पत्रावळी उकिरड्यावर पडत आणि महिन्या-दोन महिन्यांत दिसेनाशा होत. ‘पुनर्वापर’ हा शब्द त्या गृहिणीने ऐकलेला नव्हता, पण ती जगत मात्र तसेच होती.

तथापि, त्या काळाचे केवळ गोडवे गाणे हे सत्याला धरून होणार नाही. उघड्या उकिरड्यावर माशा घोंगावत, पावसाळ्यात त्याचे पाणी विहिरीकडे झिरपे आणि पटकीसारख्या साथीत गावेच्या गावे रिकामी होत. आणखी एक गोष्ट अशी की, गावातली मृत जनावरे ओढण्याचे आणि घाण उपसण्याचे काम काही विशिष्ट जातींच्या माथी जन्मतःच मारलेले होते. त्या व्यवस्थेत निसर्गाशी मेळ होता, परंतु माणसाशी न्याय नव्हता. तिचा वारसा घेताना मेळ उचलायचा आणि अन्याय टाकायचा, एवढे भान ठेवणे अगत्याचे आहे.

जे कुजत नाही ते

गेल्या तीस-चाळीस वर्षांत खेड्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या केराची जातच बदलली. एखादे साधे शेतकरी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सकाळी दुधाची पिशवी फुटते. मुलाच्या हाती वेफर्सचे पाकीट येते. न्हाणीघरात शाम्पूची पुडी रिकामी होते. आठवड्याच्या बाजारातून आणलेला प्रत्येक जिन्नस निराळ्या पिशवीत येतो. वीज नसेल तेव्हा विजेरी लागते आणि तिचे सेल संपतात. घरात तान्हे मूल असेल तर डायपर आले. शेताकडे वळावे, तर कीटकनाशकांच्या बाटल्या, खतांच्या गोण्या, ठिबकच्या जीर्ण नळ्या आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरचे चिंधोटे बांधावर पडलेले दिसतात. शहरातल्या घराहून खेड्यातले घर कचऱ्याच्या बाबतीत आता फारसे निराळे राहिलेले नाही. शहरात निदान गाडी तरी येते, खेड्यात अनेक ठिकाणी तीही येत नाही.

या नव्या कचऱ्याला जुन्या उकिरड्याची वाट दाखविली की काय होते, ते कोणत्याही शेतकऱ्याने पाहिलेले आहे. खत म्हणून शेतात टाकलेल्या शेणातून नांगरटीच्या वेळी पिशव्यांचे तुकडे वर येतात. मातीत मिसळलेला पिशवीचा तुकडा पावसाचे पाणी मुरू देत नाही आणि कोवळ्या मुळाची वाट अडवितो. शेणखतावर शेतकऱ्याची जी श्रद्धा होती, तीच आता डळमळू लागली आहे.

म्हणून मग गावे तीन वाटा शोधतात आणि तिन्ही चुकीच्या ठरतात. पहिली वाट ओढ्याची. पहिल्याच मोठ्या पावसात ओढा तो कचरा खालच्या गावाच्या बंधाऱ्यात नेऊन घालतो, म्हणजे आपले ‘बाहेर’ हे दुसऱ्याचे अंगण होते. दुसरी वाट गायरानाची. तेथे ढीग वाढत जातो आणि करवंट्या, कप, जुने टायर यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारणतः ८ ते १० दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस घरातील आणि भोवतालची सारी भांडी कोरडी करावीत, असे आरोग्यसेवक सांगतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

तिसरी वाट काडीची. सायंकाळी अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करून पेटवून दिला की जागा स्वच्छ दिसते आणि गृहिणीला समाधान वाटते. परंतु पाचोळ्याचा धूर निराळा आणि प्लॅस्टिकचा धूर निराळा. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक अशा मंद आगीत जळले की आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन वर्गातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात. ती आसपासच्या गवतावर बसतात, गवतातून गुरांच्या पोटात जातात आणि दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. म्हणजे सायंकाळी अंगणात जाळून टाकलेली वस्तू काही काळाने त्याच घरातल्या मुलाच्या पेल्यात परत येऊ शकते.

गोमातेच्या पोटातला हिशेब

ज्या समाजात गाईला माता म्हटले जाते, त्या समाजाने या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. उरलेले अन्न पिशवीत बांधून, गाठ मारून रस्त्याच्या कडेला ठेवणे ही आता सर्रास पद्धत झाली आहे. गाईला हात नाहीत. ती गाठ सोडू शकत नाही. आतल्या पोळीच्या वासाने ती पिशवीसकट घास गिळते. प्लॅस्टिक पचत नाही, पुढे सरकत नाही. ते कोठीपोटात साठत राहते, त्याचा घट्ट गोळा होतो. गाईला पोट भरल्यासारखे वाटते, ती चारा सोडते, दूध आटते आणि ती झिजत जाते. पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून अशा गाईंच्या पोटातून तीस किलोहूनही अधिक प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे आहेत. त्याच पिशवीत तारेचा तुकडा किंवा खिळा असेल, तर तो पोटाचा पडदा भेदून थेट हृदयापर्यंत पोहोचतो.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या हातांनीच वर्षभर अशा पिशव्या बांधाव्यात, यापरते विपरीत काय असेल? गोरक्षणाचा पहिला पाठ स्वयंपाकघरात आहे. उरलेले अन्न पिशवीत बांधायचे नाही. ते उघडे, गुरांच्या पाटीत किंवा खताच्या खड्ड्यात गेले पाहिजे. या एका नियमाला पैसा लागत नाही, शासकीय मंजुरी लागत नाही आणि त्याचा आरंभ उद्याच्या सकाळी करता येतो.

वाट उंबरठ्यापाशीच फुटते

येथे मूळ मुद्द्याकडे यावे लागते. कचऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर घंटागाडीत नाही, यंत्रात नाही आणि डेपोतही नाही. कचरा एकदा एकत्र झाला की तो वेगळा करणे जगातल्या सर्वांत श्रीमंत नगरीलाही जड जाते. उलट तो घरातून निघतानाच वेगळा असेल, तर तो कचरा उरतच नाही. कोरडा कागद हा माल आहे. त्याच कागदावर आमटी सांडली की तो घाण होतो. भाजीचे देठ हे खत आहे. त्यातच फुटलेला बल्ब टाकला की ते धोका होतात. वस्तू त्याच असतात, केवळ एकत्र आल्यामुळे त्यांची किंमत नाहीशी होते. ही किंमत टिकवायची की घालवायची, याचा निर्णय उंबरठ्याच्या आतच होतो.

त्यासाठी घरात चार जागा पुरतात. पहिली ओल्या कचऱ्याची. भाजीपाला, खरकटे, निर्माल्य, चहाचा चोथा, पाचोळा यांसाठी झाकणाची बादली. दुसरी सुक्या कचऱ्याची. कागद, पुठ्ठा, पिशव्या, बाटल्या, डबे, पत्रा, काच यांसाठी भिंतीला टांगलेली एक जुनी गोणी. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा सुटा करू नये, तो लहान तुकडा हमखास मातीत जातो. पिशवी धुऊन, वाळवून गोणीत टाकावी. तिसरी जागा घातक वस्तूंची. सेल, बल्ब व ट्यूब, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे यांसाठी मुलांचा हात पोहोचणार नाही असा एक डबा. कीटकनाशकाची बाटली मात्र घरात आणूच नये. ती शेतावरच तीन वेळा विसळावी, ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे आणि बाटलीला भोक पाडावे, म्हणजे पुढे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही.

चौथी जागा सॅनिटरी पॅड व डायपर यांची. या विषयावर घरात बोलले जात नाही, म्हणूनच या वस्तू उघड्यावर, विहिरीच्या काठी किंवा शौचालयाच्या भांड्यात जातात आणि तुंबलेला मार्ग शेवटी कोणा माणसाला हाताने मोकळा करावा लागतो. त्या कागदात नीट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळ्याच द्याव्यात. घरातील सुशिक्षित सुनेने आणि सासूने मिळून हा संकोच मोडला, तर गावातले अनेक संसर्ग टळतील.

ही वाटणी केवळ स्त्रियांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र योग्य नाही. केर काढायचा तिने, वेगळा करायचा तिने, खड्ड्यात टाकायचा तिने आणि स्वच्छतेवर भाषणे करायची त्याने, असे चालले तर हे काम चार दिवसांत बंद पडेल. सुकी गोणी आठवड्यातून एकदा उचलून देणे आणि खताचा खड्डा सांभाळणे ही घरातल्या पुरुषाची आणि मुलांची जबाबदारी असावी.

पुसदची देणगी

ओल्या कचऱ्याचे काय करायचे, याचे एक उत्तम उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून आले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून कंपोस्ट करण्याची एक पद्धत बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते आणि त्यांनाही लोक आदराने नाडेपकाका म्हणत.

या पद्धतीतील टाके विटांचे असते. आतून लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि उंची ३ फूट. भिंतीत हवा खेळण्यासाठी भोके ठेवलेली असतात. उघड्या उकिरड्यात आणि नाडेपमध्ये खरा फरक या हवेचा आहे. टाके भरताना प्रथम काडीकचरा आणि पालापाचोळ्याचा सुमारे ६ इंचांचा थर, त्यावर ४ किलो शेण कालविलेल्या पाण्याचा सडा, त्यावर ५० ते ६० किलो चाळलेल्या मातीचा थर, असे थरांवर थर देत जायचे. संपूर्ण टाक्याला सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि जेमतेम १०० किलो शेण लागते. वरून शेणमातीने लिंपून टाके बंद करायचे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचे. ओल टिकवायची आणि भेगा बुजवायच्या. तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळते.

या आकड्यांतला अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. गावात गुरे कमी झाली, शेणखत मिळेनासे झाले, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. नाडेपकाकांनी दाखवून दिले की, थोड्या शेणाच्या विरजणाने पुष्कळ काडीकचऱ्याचे सोने होऊ शकते. उसाचे पाचट, तुरीच्या काड्या, सोयाबीनचे काड हे बांधावर पेटवून देणारा शेतकरी वस्तुतः आपले खतच जाळीत असतो आणि दुसऱ्या दिवशी खताच्या पोत्यासाठी रांगेत उभा राहतो.

एवढे मोठे टाके प्रत्येक घराला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. परसात ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरत असताना दुसरा कुजत असतो. खड्डे विहिरीपासून आणि कूपनलिकेपासून दूर, किंचित उंच जागी असावेत. प्रत्येक वेळी ओला कचरा टाकल्यावर त्यावर माती किंवा पाचोळा पसरला, की वासही येत नाही आणि माशीही बसत नाही. जेथे परस नाही, अशा आठ-दहा घरांनी मिळून एक नाडेप बांधावा.

सुक्याची सोयरीक

सुक्या कचऱ्याचा खरा सोयरा म्हणजे भंगारवाला. त्याला आपण हलक्या नजरेने पाहतो, पण कागद, लोखंड, बाटल्या आणि कठीण प्लॅस्टिक परत कारखान्यापर्यंत पोहोचविणारी साखळी त्याच्याच सायकलीपासून सुरू होते. तो फक्त जे विकले जाते तेच नेतो. पातळ पिशव्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या या वस्तू तो उचलीत नाही. पुडीत प्लॅस्टिक आणि धातूच्या पातळ पापुद्र्याचे थर एकमेकांना चिकटविलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून त्यांचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य होतो.

यांतील पातळ पिशव्यांसाठी एक वाट देशातच सापडलेली आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लॅस्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकून, तिला त्याचा लेप देऊन, मग डांबर मिसळण्याची रीत शोधली. अशा रस्त्यात पाणी सहजी शिरत नाही आणि डांबरही काही प्रमाणात वाचते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु रस्त्यासाठी लागणारे प्लॅस्टिक स्वच्छ आणि कोरडे असावे लागते. म्हणजे मदुराईच्या प्रयोगशाळेतले शास्त्रही अखेर आपल्या भिंतीवरच्या गोणीपाशी येऊन थांबते.

याहून बरी वाट अर्थातच वस्तू घरात न आणण्याची. बाजाराला जाताना कापडी पिशवी, लग्नकार्यात पानांच्या पत्रावळी, आणि पुडीऐवजी मोठी बाटली. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी झाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो, हातातली पिशवी ज्याची त्यानेच न्यावी लागते.

दंड, निधी आणि ग्रामसभा

कायद्याचे नाव निघाले की, हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले आहे, असा एक समज दिसतो. तो चुकीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात रस्त्यावर केर टाकणाऱ्याला पणाचा आठवा हिस्सा आणि चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्याला पाव पण दंड सांगितला आहे. हाच अपराध राजमार्गावर घडला तर दंड दुप्पट. सार्वजनिक वाट ही कोणाचीही नसून सर्वांची आहे, हा विचार आपल्याकडे पूर्वापार आहे.

गावातील स्वच्छता हे १९५८ च्या कायद्यानेच महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीचे कर्तव्य ठरविले. पुढे २००० साली घनकचऱ्यासाठी जे केंद्रीय नियम आले, ते मात्र नगरपालिका क्षेत्रापुरतेच होते. खेड्यात जणू कचराच होत नाही, अशी त्यामागची समजूत होती. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी टाकली. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत, आणि प्लॅस्टिक प्रक्रियेच्या केंद्रासाठी प्रत्येक विकास गटाला १६ लाखांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले.

दोन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला, तर ही रक्कम १ लाख २० हजार रुपये होते. त्यात एक शेड उभी राहील, हातगाडी येईल, दोन नाडेप बांधता येतील. परंतु घरातली बादली वेगळी ठेवण्याची बुद्धी कोणत्याही निधीतून विकत घेता येत नाही. शेड बांधली, फलक लागला, उद्घाटन झाले आणि सहा महिन्यांनी तेथे सरपण भरून ठेवले, असे घडू द्यायचे नसेल, तर आधी घरे तयार झाली पाहिजेत आणि मग शेड उभी राहिली पाहिजे. हा क्रम उलटा झाला की पैसा मातीत जातो.

महाराष्ट्रात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्या वेळी खेडोपाडी जो उत्साह दिसला, तो पैशाने आणलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसांनीही हाती खराटा घेतला होता. परंतु स्पर्धेची तपासणी संपल्यावर अनेक गावांत ढीग परतले, हेही मान्य करावे लागेल. पाहुणे येणार म्हणून घर झाडणे आणि घर आपले म्हणून झाडणे यांत हा फरक आहे.

हात कोणाचा?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणून पूजतो, ती पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातील कारागिरांनी बनविलेली आहे. केरसुणीला देव्हाऱ्याशेजारी जागा मिळाली, परंतु ती करणाऱ्या हातांना कित्येक घरांच्या उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता. ही विसंगती समाजाने आजवर पुरती धुऊन काढलेली नाही. आजही घराघरांतून येणाऱ्या एकत्र कचऱ्याच्या ढिगात हात घालून बाटली, पत्रा, काच वेचणारी माणसे बहुतांशी कोणत्या वस्तीतून येतात, हे प्रत्येक गाव जाणतो.

महाराष्ट्रातील थोर पुरुषांनी या प्रश्नाला थेट भिडण्याचा मार्ग दाखविला आहे. सेनापती बापटांनी पारनेरमध्ये स्वतः झाडू हाती घेऊन गावाचे रस्ते साफ केले. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे मैला सफाईचे काम करू देण्याची मागणी नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. एक उच्चविद्याविभूषित ब्राह्मण सफाईकामाच्या हक्कासाठी प्राण पणाला लावतो, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असावयास हवी होती. आणि गाडगेबाबा तर दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. गावात आल्यावर ते आधी खराटा हाती घेत, उपदेश त्यानंतर.

घरातच कचरा वेगळा करणे, याचा या परंपरेशी थेट संबंध आहे. आपल्या घरातले खरकटे, आपल्या घरातले पॅड, आपल्या घरातली फुटलेली काच दुसऱ्या कोणाच्या उघड्या हाताला लागू नये, एवढी काळजी घेणे हे समरसतेचे अत्यंत साधे आणि प्रामाणिक रूप आहे. व्यासपीठावर एकत्र बसणे सोपे आहे. आपली घाण दुसऱ्याने उपसावी ही अपेक्षा सोडणे अवघड आहे. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहिणारी गृहिणी न बोलता सांगत असते की, ही गोणी उघडणारा माणूसही माझ्याच कुटुंबातला आहे. गावातल्या सफाई कामगाराला हातमोजे, बूट आणि वेळेवर वेतन मिळते की नाही, हा प्रश्नही म्हणूनच ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

दहा घरांपासून आरंभ

कार्यकर्त्याने काय करावे? प्रथम फलक लावू नयेत, घोषणाही देऊ नयेत. स्वतःच्या घरात तीन महिने हे सारे करून पाहावे. चुका होतील, खड्ड्यात पाणी जास्त होईल, वास येईल, घरात कुरबूर होईल. त्या चुकांतून जे समजेल तेच पुढे दुसऱ्याला सांगता येईल. त्यानंतर आळीतली दहा घरे निवडावीत. त्यांत सर्व समाजांची घरे असावीत. एक दिवस ठरवून भंगारवाल्याला नियमाने बोलवावे आणि मिळालेले पैसे ज्या घरांच्या गोण्या असतील त्यांना किंवा त्यांच्या संमतीने शाळेला द्यावेत. भंगारवाला जे नेत नाही, ते कोरडे व वेगळे साठवून तालुक्याच्या केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीकडून करून घ्यावी. पहिले खत तयार झाले की ते चाळून, ओंजळीत घेऊन ग्रामसभेत न्यावे. काळेभोर, भुसभुशीत, मातीचा गंध येणारे ते मूठभर खत शंभर भाषणांहून अधिक काही सांगून जाईल.

पुढची लक्ष्मीपूजनाची रात्र येईल. पुन्हा नवी केरसुणी चौरंगाशेजारी ठेवली जाईल, पुन्हा पहाटे सूप वाजेल आणि केर उंबरठ्यापर्यंत येईल. त्या वेळी घरातल्या लहान मुलाने विचारावे, ‘आजी, हे आता कुठे टाकायचं?’ आणि आजीला उत्तर देता यावे, ‘अरे, पाला खड्ड्यात, कागद गोणीत. टाकायचं असं काही उरलंच नाही बाळा.’ ज्या गावातल्या घराघरात हे उत्तर ऐकू येईल, त्या गावातून अलक्ष्मी खऱ्या अर्थाने निघून गेली असे समजावे.